कपिलची परेड आणि माझा मीटर

सांगलीत करंट-व्होल्टेज मोजायचा मीटर विकत घेताना दुकानदार समजवायला लागला, तेव्हा मी त्याला मध्येच थांबवलं होतं. म्हटलं, विजेचं मला कळतं!

त्या सव्वीस जानेवारीला आटपाडीला सासुरवाडीला गेलो तो मीटर घेऊनच. मेहुणा कपिल लष्करात. दिल्लीच्या परेडमध्ये यंदा त्याची तुकडी चालणार होती. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तेवढ्यासाठी मिरजेला जाऊन मोतीबिंदू काढून घेतला होता. गावात त्या दिवशी वीज नव्हती, पण सासूबाईंनी छोटा टीव्ही बॅटरीवर जोडला होता. चित्र स्वच्छ दिसत होतं. तिथंच मी गप्प बसायला हवं होतं.

"बॅटरी मध्येच बसली तर?" मी म्हणालो. "टीव्ही किती करंट खातो ते मोजतो, म्हणजे कुठवर पुरेल ते कळेल."

"आवं, चाललंय की चांगलं," माझी बायको माया म्हणाली.

"पाव्हण्यास्नी करू दे गं," आबा म्हणाले. जावयाला नको म्हणायची त्या घरात रीत नाही.

टीव्ही बंद केला. मीटरचं बटण करंटवर फिरवलं आणि त्याच्या लाल-काळ्या वायरी सरळ बॅटरीच्या दोन टोकांना टेकवल्या. ठिणगी उडाली. काटा धाडकन उजवीकडे आपटला आणि निमूट शून्यावर आला. मग आठवलं, असं व्होल्टेज मोजतात. करंट मोजायचा तर टीव्हीची वायर तोडून त्या दोन टोकांच्या मधोमध मीटर बसवावा लागतो. वायर तोडली, मीटर बसवला, टीव्ही लावला. पडदा काळा. काटा शून्यावर.

"बॅटरी उतरली," मी निदान केलं.

सासूबाई शेजारी गेल्या. शेजारचे नाथाजी आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून घेऊन आले. तरी काटा शून्यावर.

"मग टीव्हीच गेला."

"त्यो मीटर काढून बघा की," माया म्हणाली.

"मीटर काढला तर कळणार कसं?"

आबा काळ्या पडद्यासमोर चष्मा पुसत बसले होते. शेवटी वैतागून मी मीटर उपटला. तुटलेल्या वायरीची दोन टोकं एकमेकांवर पडली आणि टीव्ही लागला.

शाळेची पोरं नाचत होती. जवानांच्या तुकड्या केव्हाच गेल्या होत्या. पहिल्या ठिणगीलाच मीटरच्या आतला फ्यूज उडाला होता, त्यामुळे वीज मीटरमध्येच अडत होती. बॅटऱ्या दोन्ही धडधाकट, टीव्हीही धडधाकट.

"कपिल कुठं हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"गेला म्होरं," आबा म्हणाले, आणि पोरांचा नाच बघत राहिले.

दुपारी माझ्यासाठी कोंबडं कापलं होतं. पहिलं ताट मलाच. कुणीतरी चार शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत होतो.

"लाजू नगा पाव्हणं," आबा म्हणाले, "रस्सा घ्या की."

मी घेतला. रस्सा लय तिखट होता, ते एक बरं झालं. डोळ्यांतलं पाणी त्याच्यावर खपलं.