ठकू उलटी झाली

मेव्हणीला ‘नाही’ म्हणायला रघुवीरची जीभ रेटली नाही, आणि तिथेच सगळं बिघडलं.

चैत्राली पोलादपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ट्रेनिंगसाठी नाशिकला जाताना तिने महाडला बहिणीच्या, अनुपमाच्या, घरी एक काचेची पेटी आणून ठेवली. पेटीत नारळाचा भुसा, निवाऱ्याला करवंटी, पाण्याची वाटी आणि ठकू. ठकू म्हणजे तळहाताएवढी केसाळ कोळीण, टॅरंट्युला. मसुराएवढी होती तेव्हापासून चैत्रालीने तिला वाढवलं होतं.

“भावोजी, माझा जीव आहे हिच्यात. जपाल ना?”

रघुवीरने मान हलवली. (त्याचा स्वतःचा जीव तेव्हा घशात होता. पतपेढीत पाल दिसली की तो टेबलावर चढतो आणि फाईल शोधत असल्याचं सांगतो.)

एसटी सुटताना चैत्रालीने खिडकीतून शेवटची सूचना ओरडून दिली. हॉर्नच्या गोंगाटात त्याला एवढंच ऐकू आलं, “...उलटी झाली तर हात लावू नका! खायला देऊ नका! नुसतं पाणी ठेवा!”

उलटीवरचा हा उपाय त्याला पटला. त्याची आईही हेच करायची.

महाडकर मोलाची वस्तू पुराच्या धाकाने उंचावर ठेवतो. पेटी कपाटावर गेली. रोज स्टुलावर चढायचं, चिमट्याने झुरळ आत सोडायचं, झाकण लावायचं आणि ठकू कुठे ओकली आहे का ते लांबून पाहायचं. ठकू आठही डोळ्यांनी त्याच्याकडे बघायची. पुढे पुढे ती स्वप्नातही बघू लागली.

मग तिने खाणं सोडलं. आणि रविवारी सकाळी ती पाठीवर पडलेली दिसली, आठही पाय वर.

“अनुपमा! गेली!”

“कोण गेली?”

“ठकू! पाय वर केलेत!”

“उलटी केली होती का?”

“थेंबसुद्धा नाही गं!”

स्वयंपाकाला येणारी राहीबाई पोळपाट सोडून बघायला आली. “पाय वर म्हंजे संपला कारभार. मेलेलं घरात ठेवायचा नाय, दादा. तुळशीपाशी पुरा.”

चैत्रालीला काय तोंड दाखवायचं? तिचा फोन लागेना. अनुपमा पुन्हा पुन्हा लावत राहिली. रघुवीरने आंघोळ केली, अनुपमाच्या चपलांच्या खोक्यात पांढरा रुमाल अंथरला, जास्वंदीचं फूल तोडून आणलं. (घाई कुणाला होती?) दुपार झाली, सोड्यांच्या आमटीचा वास सुटला, तेव्हा कुठे सांडशी घेऊन तो स्टुलावर चढला. त्याने झाकण उचललं.

आत दोन ठकू होत्या.

एक चपटी, निपचित. शेजारी दुसरी, मोठी आणि तुकतुकीत. तिने सावकाश एक पाय उचलला.

“अगं, मयताला भावकी आली!”

एवढं ओरडून रघुवीर स्टुलावरून निघाला तो खाली रचलेल्या गाद्यांवर उताणा पोहोचला. हात वर, पाय वर, एका हातात सांडशी. राहीबाईने धावत जाऊन पेटीवर झाकण टाकलं. तेवढ्यात चैत्रालीचा व्हिडिओ कॉल लागला. अनुपमाने तिला पेटी दाखवली.

“ताई, कात टाकलीय तिने! ती चपटी आहे ना, ती नुसती कात. हात नाही ना लावला? आत झुरळ नाही ना? अंग मऊ असतं गं आत्ता, झुरळसुद्धा कुरतडेल तिला.”

“नाही लावला. झुरळही नाही आत. पण अगं, पाय वर करून पडली होती...”

“कात टाकताना उलटीच होते ती! भावोजींना सांगितलं होतं मी, उलटी झाली तर हात लावू नका म्हणून!”

“ती उलटी?” गादीवरून क्षीण आवाज आला. “मला वाटलं, तिला उलटी.”

“अगो बाय, दादांना उठवूया,” म्हणत राहीबाई पुढे झाली.

अनुपमाने तिला अडवलं.

“थांब, हात लावू नकोस. उलटे झालेत. आज जेवायला नको वाढूस. नुसतं पाणी ठेव.”