वीतभर वाढलेली भिंत

"काका, तुमची उंची किती?"

फोनवर हा प्रश्न आला तेव्हा काका चहा पीत होते. ऐकू कमी येत असल्यामुळे फोन स्पीकरवर होता आणि समोरच काकू इस्त्री करत होत्या.

"माझी? कशाला हवीय?"

फोन राष्ट्रीय संग्रहातून होता. देशभरातल्या उत्खननांच्या जुन्या डायऱ्या, नकाशे, फोटो तिथे संगणकावर चढवले जात होते. काका एका उत्खननात नकाशे काढायला होते. तिथली मोजपट्टी पहिल्याच आठवड्यात मोडली आणि नवी मंजूर होईपर्यंत खोदकामच संपलं. मग प्रत्येक फोटोत भिंतीशेजारी काकांनाच उभं केलेलं.

"म्हणजे मोजपट्टी तुम्हीच," संग्रहातली मुलगी म्हणाली. "तुमच्यावरून आम्ही बाकी सगळं मोजणार."

काकांनी चोरून काकूंकडे पाहिलं. लग्न ठरताना त्यांनी उंची चार इंच वाढवून सांगितली होती, आणि ती निभावायला आजवर घरातसुद्धा जाड तळव्यांच्या चपला वापरल्या होत्या. विचारलं तर टाचा दुखतात म्हणायचे.

"पाच फूट आठ," काका ठणकावून म्हणाले.

काही दिवसांनी पुन्हा फोन. "काका, गंमतच झालीय! तीच भिंत पुढे शेजारच्या तुकडीच्या खड्ड्यात जाते. त्यांच्याकडे खरी मोजपट्टी होती. पण तुमच्या बाजूला आली की भिंत वीतभर उंच होते."

"असं कसं होईल?"

"तेच तर! आमचे साहेब म्हणतात, तिथे पहाऱ्याचा बुरूज असणार. लेख लिहायला घेतलाय त्यांनी."

एका थापेपायी त्यांनी बुरूज बांधला होता. पण खरं सांगावं तर समोर काकू. "वा, छान," म्हणून काकांनी फोन ठेवून दिला.

आठवड्याभरात साहेबांचा बुरूज दुमजली झाला. मुलीला मात्र राहवेना. एक दिवस ती टेप घेऊन घरीच आली. "काका, लेख छापायच्या आधी एकदा खात्री करते. चपला काढता का? साफ केलेल्या खड्ड्यात तुम्ही अनवाणीच असायचात ना?"

काकांनी टाचांचं दुखणं सांगितलं. ते चालेना. शेवटी चपला उतरल्या.

"पाच चार," मुलगी म्हणाली.

"म्हातारपणी माणूस आखूड होतो," काका म्हणाले. सुंभ जळाला तरी पीळ काही जाईना.

"होतो, पण इंच-दीड इंच. चार नाही हो!"

काकांनी डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांच्या संसारात कधी घाबरले नव्हते एवढे ते आता घाबरले. काकू म्हणाल्या, "झालं मोजून? पाच चारच लिही गं. चहा टाकू का?"

काकांनी एक डोळा उघडला. ही चिडली कशी नाही?

मुलीने लॅपटॉपवर नवा आकडा घातला. बुरूज गायब झाला, भिंत सरळ जुळली. मुलगी खुशीत पुढचे फोटो लावू लागली आणि एकावर थांबली. "अय्या, काकू! तुम्ही कधी गेला होतात खड्ड्यात? यात भिंतीवरून मोजलं तर तुम्ही... पाच सहा?"

"बाई गं," काकू घाईघाईने म्हणाल्या, "हा फोटो चढवायलाच हवा का?"

"पाच सहा?" काका ओरडले. "तू तर पाच दोन सांगितलेलीस!"

"खरी सांगितली तर मुलगे नको म्हणायचे. आणि तुम्ही पहिल्या भेटीत दारात बूट काढलेत तेव्हाच तुमचं पितळ उघडं पडलं होतं. म्हटलं, एवढी हौस आहे तर असू दे. तेव्हापासून वाकूनच चालतेय."

"मग या फोटोत?"

"खड्ड्यात काय निघालंय ते बघायच्या नादात विसरले वाकायला."

काकांना फार वाईट वाटलं. हिला जन्मजात पोक आहे असंच ते धरून चालले होते. कधी साधं विचारलंही नव्हतं. त्यांनी मुलीच्या हातातला टेप घेतला.

"अगं, जरा सरळ उभी राहा बघू."

काकू आधी लाजल्या, मग हळूहळू सरळ झाल्या. टेप वरपर्यंत न्यायला काकांना टाचा उचलाव्या लागल्या.

"पाच सहा!" ते शेजारपाजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "लिही गं पोरी. आणि लिहिताना खाली नाव घाल: माझी बायको."