जावईषष्ठी आणि एक परीक्षण

जावयाला बोलावून जेवू घालायच्या सणाला, जावईषष्ठीला, कृष्णनगरच्या सासुरवाडीत पाटावर बसल्यावर प्रियतोषबाबूंच्या लक्षात आलं, की ताट रिकामंच आहे. आतून हिलसा माशाचा वास तर दरवळत होता.

प्रियतोषबाबू कलकत्त्याच्या एका मासिकात परीक्षणं लिहीत. त्या महिन्यात त्यांनी एका नवख्या लेखकाची कादंबरी चांगलीच सोलली होती. नायिका चारुशीलेत जीव नाही, पुस्तक पावसाळासुद्धा ओलांडणार नाही, असा निकाल. आज ती कादंबरी बंगालात घरोघरी आहे, पण ते नंतरचं.

सासूबाई क्षीरोदाबाई पंखा घेऊन समोर बसल्या. वारा घालता घालता म्हणाल्या, "बाबा, त्या चारुशीलेनं घर का सोडलं हो?"

लेखकानं कारणच दिलेलं नाही, तोच तर दोष, असं प्रियतोषबाबूंनी समजावून सांगितलं.

"दिलंय की. मधल्या भागात."

मग उलगडा झाला. परीक्षणाला आलेली प्रत त्यांच्या बायकोनं, बीणापाणीनं, दुपारी वाचायला म्हणून आईकडे धाडली होती. त्या काळी पुस्तकाची पानं एकमेकांना जोडलेलीच येत. वाचणाऱ्यानं ती कापून घ्यायची.

"पहिली कापलेली होती, शेवटचीही होती," क्षीरोदाबाई म्हणाल्या. "मधली सगळी मी विळीवर कापली. जरा माशाचा वास येतोय, सांभाळून घ्या."

बीणापाणीनं पदर तोंडाशी नेला.

त्या दिवशी जावयावर रागवायचं नसतं, म्हणून क्षीरोदाबाई रागावल्या नाहीत. कादंबरी आणून त्यांनी ताटात ठेवली. आधी हे वाढते, मासा मागाहून, एवढंच म्हणाल्या. चार पानं चाळली की सुटलो, अशा हिशोबानं प्रियतोषबाबूंनी मधलं प्रकरण उघडलं.

डाळ निवली. मासा दोनदा गरम झाला. जावई जेवेपर्यंत सासूनं तोंडात पाणीही घालायचं नाही असा त्या घरचा रिवाज, त्यामुळे क्षीरोदाबाईंच्या पोटात कावळे ओरडू लागले. शेजारणी डोकावून, जावई रुसले की काय, असं विचारून गेल्या. पहिल्या हाकेला प्रियतोषबाबूंनी मान वर केली नाही. दुसरीला नुसता हात हलवला. तिसऱ्या हाकेला त्यांनी वर पाहिलं तर डोळे भरलेले.

"थांबा मा, ती अजून घाटावर उभी आहे."

क्षीरोदाबाई पाटाशी येऊन टेकल्या. आवाज पार उतरला होता.

"बाबा, तुम्ही लिहिलंत तेच खरं. काही दम नाही हो त्या पुस्तकात. चला, जेवून घ्या."