भालबाचे राठ केस आणि रेशमाताईच्या तीन बाटल्या

आधीच हात जोडून सांगतो. माझी शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर तुम्ही मनातल्या मनात दुरुस्त करून घ्या. मोठे शब्द मला येत नाहीत. पण गोष्ट प्राण्यांची आहे, आणि त्यांचंही शिक्षण फारसं झालेलं नव्हतं. तेव्हा चालून जाईल.

तर बाळांनो, जरा सरकून बसा. मागच्यांनाही ऐकू येऊ दे.

एका जंगलात एक अस्वल राहत होतं. त्याचं नाव भालबा. त्याच्या बायकोचं नाव काजळी. त्यांना दोन पिल्लं होती, आणि ती दिवसभर भालबाच्या पाठीवरच असायची.

भालबाचे केस फार राठ होते. पिल्लं त्याच्या पाठीवरून घसरगुंडी खेळायची आणि पोट खाजवत खाली उतरायची. पण त्या राठ केसांवरच घर चालत होतं. बेहड्याच्या उंच झाडावर आग्या माश्यांचं पोळं होतं. भालबा वर चढला की माश्या तुटून पडायच्या. त्यांचे काटे केसांतच अडकायचे, कातडीपर्यंत पोचायचेच नाहीत. भालबा आरामात मध घेऊन खाली यायचा.

त्या वर्षी पावसाळा संपला आणि भालबाचे केस गळायला लागले. आधी मानेवरचे, मग खांद्यावरचे. पाठ खाजवायला तो झाडाला घासला की झाडच केसाळ व्हायचं. एकदा तो मधाला गेला आणि सुजलेलं नाक घेऊन रिकाम्या हातांनी परत आला.

काजळीने नाकाला चिखल लावला. मग हळूच म्हणाली, "अहो, पौर्णिमा पंधरा दिवसांवर आली."

भालबाने वळून पाठीवरच्या पिल्लांकडे बघितलं.

त्याचं कारण सांगतो. अस्वलांमध्ये एक रिवाज होता. पिल्लं वर्षाची झाली की मार्गशीर्ष पौर्णिमेला त्यांना पहिल्यांदा मध चाटवायचा. मध बापाने आणायचा. बापाला नाही जमलं तर मामाने आणायचा. आणि ज्याच्या मधाचं चाटण, त्याच्याच जंगलात पिल्लांनी वाढायचं.

पिल्लांचा मामा नदीपलीकडे राहायचा. त्याचं नाव जटू. केस असे की त्याच्या अंगावर बगळा बसला तर दिसायचा नाही.

भालबा लाजरा होता. दुखणं कुणाला सांगायचं म्हणजे त्याला घाम फुटायचा. तरी तो उठला आणि रेशमाताईकडे गेला.

रेशमाताई ही एक सशीण. करंजाच्या झाडाखाली तिचं केशसौंदर्याचं दुकान होतं. दारावर दोन चित्रं लावली होती. एकाखाली लिहिलं होतं 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'. 'आधी'मध्ये सोललेला नारळ होता, 'नंतर'मध्ये न सोललेला.

रेशमाताईने भालबाच्या मानेवरून पंजा फिरवला आणि दचकून मागे घेतला.

"अगं आई गं! भालबादादा, हे केस आहेत की काटेरी कुंपण?"

"गळतायत," भालबा जमिनीकडे बघत म्हणाला.

"गळणारच! त्यांना कुणी कधी प्रेमाने विचारलंय? तुमची टाळू गुदमरलीय. तिला श्वास घेऊ द्या."

"ती नाकाने घेत नाही का?"

"दादा, तुम्ही फार मागे आहात." तिने तीन बाटल्या काढल्या. "हे तेल मुळांना. हा शाम्पू रोज. आणि हे सिरम वरून, पुसायचं नाही. तिन्हींत कुड्याच्या फुलांचा अर्क आहे. पंधरवड्याच्या आत केस माझ्यासारखे होतील."

रेशमाताई खोटं बोलत नव्हती बरं का, बाळांनो. तिला मनापासून वाटायचं की जगातल्या सगळ्यांना ससा व्हायचं आहे.

भालबाने दोन टोपल्या बोरं दिली आणि बाटल्या घरी आणल्या. तो रोज पहाटे ओढ्यावर जायचा, लावायचा, चोळायचा, धुवायचा. दहाव्या दिवशी केस गळायचे थांबले. नवे मात्र एकही आले नाहीत. जे होते ते मऊ झाले, चमकायला लागले. वारा आला की एका बाजूला उडायचे. पिल्लं पाठीवर चढायची आणि थेट खाली पडायची.

"औषध लागू पडलं," भालबा म्हणाला आणि खुशीत बेहड्यावर चढला.

पोळ्यावरच्या एका म्हाताऱ्या माशीने आधी वास घेतला.

"अगं, कुडा फुलला की काय इतक्यात?"

"कुडा कसला, भालबा आहे तो!"

"हा? मेला, नवरदेवासारखा नटून आलाय! चला गं, बघू या तरी!"

सगळ्या आल्या. फुलांच्या वासाने शेजारच्या झाडावरच्याही आल्या. मऊ केस त्यांच्या पायांखाली नुसते बाजूला झाले आणि काटे सरळ कातडीत गेले. भालबा ओढ्यात उडी मारूनच थांबला.

पौर्णिमेला पाच दिवस उरले होते. काजळीने पिल्लांना कुशीत घेतलं. भालबा भिंतीकडे तोंड करून बसला.

तेवढ्यात नदी ओलांडून जटूमामा आला. पिल्लांना न्यायची तयारी म्हणून तो येतानाच मोठी झोळी घेऊन आला होता.

"काय दाजी, जमणार का यंदा?" तो दारातूनच गरजला. "नाहीतर मी आहेच. आमच्या जंगलात पिल्लांना मोठं मैदान आहे. वर्षातून एकदा येत जा भेटायला."

मग त्याची नजर भालबाच्या पाठीवर पडली. उन्हात ती लखलखत होती.

"दाजी, हे काय लावता?"

भालबा सरळ मनाचा. तो म्हणाला, "भाऊ, ते लावू नका हो. त्याने…"

"अहो, गप्प बसा!" काजळी मध्येच ओरडली. "घरातलं सगळं काय असं बाहेर सांगायचं असतं?"

जटूचे कान ताठ झाले. "काजळे, सख्ख्या भावापासून लपवतेस?"

"दादा, तुला नको ते. तुझे आहेत तसे ठीक आहेत. म्हणजे, खेडवळ दिसतात, पण ठीक आहेत."

"खेडवळ?"

"मी नाही म्हणत. परवा नदीवर बायका बोलत होत्या."

जटू झोळी तिथेच टाकून रेशमाताईच्या दुकानी गेला. भालबाला जे दहा दिवसांत मिळालं ते मला चार दिवसांत हवं, असं त्याने बजावलं. रेशमाताईने अडीच पट माप लावलं. त्याचे केस दाट, त्यामुळे सिरमही जास्त मुरलं. पाचव्या दिवशी, पौर्णिमेला सकाळी, जटू बेहड्याखाली उभा राहिला तेव्हा अख्खं कुड्याचं बन चालत आल्यासारखं वाटत होतं.

"सरका दाजी," तो म्हणाला. "तुमचा प्रयत्न करून झालाय. आता बघा, मध कसा काढतात."

तो अर्ध्या झाडापर्यंत पोचला. पोळ्यावर कुजबुज झाली, मग गलका झाला. मग एकही माशी मागे राहिली नाही.

जटू उतरला नाही, सुटला. तो पुढे आणि त्याच्यामागे काळा ढग. ओढा झाला, टेकडी झाली, नदी झाली. पलीकडच्या काठावरून बराच वेळ आरडाओरडा ऐकू येत होता.

इकडे पोळं एकटंच होतं.

काजळीने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "बघताय काय? चढा."

भालबा सावकाश चढला. वाटेत दोनदा थांबून त्याने श्वासही घेतला. हवा तेवढा मध घेतला आणि खाली आला. त्या दिवशी पिल्लांनी बापाच्या मधाचं चाटण केलं, आणि मिशांना लागलेला मध त्याच्याच मऊ पोटाला पुसला.

तात्पर्य: आहे त्यात समाधान मानावं, असं या गोष्टीतून शिकायचं आहे, असं तुम्हाला वाटेल. तसं काही नाही. केसांची औषधं फार गुणकारी असतात. फक्त ती कुणाच्या डोक्याला लावायची, हे कळलं पाहिजे.

इतकं लिहून मी झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि माझी उरलेली सिरमची बाटली माझ्या चुलतभावाला नेऊन दिली. त्याचे केस दाट आहेत, आणि मला सांगून आलेलं स्थळ त्यालाही सांगून आलं आहे.