दूध फाटू देणारे शमूबाबा

शमूबाबा दर रविवारी डुकराचं मटण दुधात शिजवायचे.

पाण्यात नाही, दुधात. हे वाक्य मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं असेल, आणि प्रत्येकानं मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं आहे. सकाळी चर्चमधली प्रार्थना आटोपली की दहाच्या सुमाराला ते कल्हईचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर ठेवत आणि दुपारी तीनपर्यंत त्याच्यासमोरच्या पाटावरून हलत नसत. तहसीलदार दारात आला तरी नाही.

मी तेव्हा घाटंजीला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि कचेरीतले जुने शिक्के अजून संपायचे होते. मला मिळालेल्या सरकारी खोलीला लागूनच शमूबाबांचं घर. पहिल्याच रविवारी भिंतीपलीकडून लोण्याचा आणि जायफळाचा असा काही वास आला की मला वाटलं, शेजारी बासुंदी चालली आहे. मी ओळख करून घ्यायच्या निमित्तानं गेलो. बाबांनी झाकण उचलून दाखवलं. आत दूध फाटून त्याच्या तांबूस गुठळ्या झाल्या होत्या आणि मधोमध सुतानं बांधलेला मांसाचा एक लांबोडा गोळा होता.

"अहो, दूध फाटलं तुमचं!" मी म्हणालो.

"फाटूच द्या. फाटल्याबिगर रस्सा कुठून येईन?"

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. कण्यालगतचा, हाडाबिगरचा तुकडा घ्यायचा. लोण्यात चारी अंगानं लाल करायचा. लसूण, तेजपान, चार मिरे, जायफळाचा कीस. मग दूध.

"आणि मग?"

"मंग काही नाही. मंग बसायचं."

जळणाला पऱ्हाटी चालत नसे. घाटंजीत कपाशीच्या काड्यांना काय तोटा, पण बाबा म्हणत, "पऱ्हाटी भडकते. गोवरी इचार करते." आणि कोणी घाई केली की बोट वर करून म्हणायचे, "दुसमाँ. दुसमाँ."

हा शब्द फ्रान्सचा. म्हणजे हळू, सबुरीनं. पहिल्या महायुद्धात शमूबाबा मजुरांच्या पलटणीतून तिकडे गेले होते. बंदूक कधी हातात आली नाही. रस्ते केले, लाकडं वाहिली. थंडीनं छाती भरली, तेव्हा त्यांना एका शेतकरी विधवेच्या घरी हलक्या कामाला ठेवलं. साहेब लोकांचा खाना तिथं व्हायचा. त्या बाईला बाबा मादाम म्हणत; दुधातलं मटण तिच्याच चुलीवरचं. तिला यांची भाषा येत नव्हती, यांना तिची. "पन चुलीपाशी बसल्यावर भाषा कायले लागते?" असं बाबांचं म्हणणं. एक शब्द मात्र तिनं पक्का शिकवला. जाळ वाढवायला हात गेला की ती मनगट धरायची आणि म्हणायची, दुसमाँ.

परत आल्यावर ते डाक बंगल्यावर खानसामा झाले, पेन्शनीत निघाले, पण तो शब्द सुटला नाही. मोटारवाल्याला दुसमाँ, भांडणाऱ्या बायकांना दुसमाँ, पाळण्यातल्या पोराला दुसमाँ. एकदा नवा आलेला हवालदार सायकलवरून भरधाव निघाला होता. बाबांनी हात वर करून सांगितलं, "दुसमाँ, साहेब!" हवालदारानं सायकल टाकली आणि त्यांना सरळ ठाण्यात नेलं. "मले भर रस्त्यात दुश्मन म्हन्ते!" मी जाऊन उलगडा केला. हवालदार ओशाळला. बाबा मात्र निघताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इतकी घाई होती तं आधी इचारायचं नं, बापा."

पुढचं प्रकरण माझ्याच दवाखान्यात आलं. सखाराम गवळी, ज्याचं दूध बाबा घ्यायचे, तो एके दिवशी म्हैस घेऊन आला. कास सुजून दगड झाली होती.

"कंपौंडर, हे त्या बुढ्याचं काम हाय. माह्या म्हशीचं दूध तो डुकरासंगं शिजवते. म्हैस आटनार नाही तं काय होईन?"

मी त्याला समजावलं की हा कासेचा रोग आहे, कुठल्याही म्हशीला होतो. औषध दिलं, शेक सांगितला, पंधरा दिवसांत म्हैस बरी झाली. पण तोवर गावात बातमी फिरली होती. बाबांना कोणी दूध देईना. शेवटी मी मध्यस्थी केली. सखाराम म्हणाला, "बरं. त्यानं फक्त म्हनावं की दूध चहाले नेतो. मी काही पाहाले येत नाही." एवढी सोपी गोष्ट. मी आनंदानं बाबांना सांगायला गेलो.

"खोटं सांगून आनलेलं दूध मी गंजात घालू?" बाबा म्हणाले. पुढच्या बाजाराला त्यांनी एक पांढरी शेळी आणली आणि तिचं नाव मादाम ठेवलं.

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि मी हसतही होतो. एक गोष्ट मात्र खटकायची. बाबा दर रविवारी कोणालातरी जेवायला बोलवत आणि जो ते खायचा नाही त्याच्याशी पुढं धड बोलत नसत. मी तर अंडंसुद्धा न खाणारा. पहिल्याच दिवशी मी हात जोडले.

"तुम्ही परके मानूस," ते म्हणाले. "परक्याले माफ हाय."

"आणि आपल्या माणसाला?"

त्यांनी माझ्यापुढं भाकर आणि दूध ठेवलं आणि स्वतः पाठ फिरवून जेवले.

त्यांचं आपलं माणूस कोण, हे मला सखारामनं सांगितलं. बाबांना एकच मुलगी, एस्तर. आई लहानपणीच गेली. डाक बंगल्याच्या स्वयंपाकघरात बापाच्या मांडीशी बसून ती वाढली आणि साहेबांच्या पानात जायच्या आधी पहिला घास तिच्या तोंडात जायचा. मोठी झाली, यवतमाळला नर्सचं शिकायला गेली, तिथं मोटारी दुरुस्त करणाऱ्या रशीदशी तिनं लग्न केलं. बाबांनी लग्नाला नाही म्हटलं नाही. उलट दोघांना रविवारी जेवायला बोलावलं. रशीदसाठी वेगळं भात-वरण केलं होतं. पण एस्तरच्या ताटात त्यांनी नेहमीचाच तुकडा वाढला, आणि तिनं ताट सरकवलं.

"बाबा, आता मी खात नाही."

"मंग माह्या घरी कायले आली?"

ती उठली, चपला घातल्या आणि गेली. त्याला सात वर्षं झाली होती. सखाराम म्हणाला, "जावयाच्या जातीपातीचं बुढ्याले काही नोयतं. फक्त ताटाचं झालं." मला तेव्हा ते पटलं नाही. एका ताटावरून कोणी मुलगी टाकतं का? आता इतक्या वर्षांनी वाटतं, माणसं ताटावरूनच टाकतात. बाकीची कारणं मागून जमवतात.

एका बुधवारी दवाखान्यात एक तिशीचा माणूस आला. सोबत जनावर नव्हतं. नखांत ऑइलचं काळं बसलेलं. बराच वेळ तो दाराशी उभा राहिला.

"साहेब, मी रशीद. शमूबाबांचा..." तो थांबला. "एस्तरचा घरवाला."

एस्तरला मूल झालं होतं, ते गेलं. त्यानंतर तिचा ताप उतरत नव्हता. तीन हप्ते झाले, यवतमाळच्या दवाखान्यात होती.

"एस्तर म्हन्ते बाबाले सांगू नका. मी तिले न सांगता आलो. बाबाच्या घरी जायची माही हिंमत नाही. तुम्ही सांगाल का?"

मी त्याला बसवून बाबांकडे गेलो. ते शेळीची धार काढत होते. मी सांगत होतो आणि धार चालू होती. सांगून झालं तेव्हा कळलं, दूध भांड्यात नव्हे, जमिनीवर पडत होतं.

"खाते का काही?"

"चार घास, मुश्किलीनं."

ते उठले आणि आत गेले. मी रशीदला सांगितलं, काही खाते का, एवढंच विचारलं त्यांनी. तो मान हलवून मोटारीला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्या उजाडल्या माझं दार वाजलं. बाबा उभे होते. हातात कोरा गंज, कोरं झाकण, कोरा पळा. दुसऱ्या हातात कापून साफ केलेली कोंबडी.

"कुरेशी खाटकाकडून हलाल करून आनली," ते म्हणाले. "त्यानं इचारलं, बाबा, तुम्ही आज इकडं कसे? म्या म्हटलं, पोरीसाठी पाह्यजे." मग जरा थांबून म्हणाले, "कंपौंडर, तुमच्या चुलीवर शिजवू द्याल? माह्या चुलीले डुक्कर लागेल हाय. कित्येक वर्साचं."

माझी चूल माझ्या आईनं आर्वीहून येऊन स्वतःच्या हातानं घातली होती आणि जाताना तिच्यावर मांसमच्छी चढणार नाही असं माझ्याकडून वचन घेतलं होतं. त्या माणसानं आयुष्यात कोणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. मी दारातून बाजूला झालो.

यवतमाळची मोटार दहाला होती. कोंबडी दुधात घालून बाबा माझ्या चुलीपुढं बसले आणि मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं असं पाहिलं. ते दर पाच मिनिटांनी झाकण उचलत होते. उगाच ढवळत होते. गोवऱ्या बाजूला सारून त्यांनी पऱ्हाटी घातली आणि जाळ भडकवला. त्यांचाच शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण मी आणखी दोन काड्या त्यांच्या हाताशी सरकवल्या.

मी रजा टाकून सोबत गेलो. सारा रस्ता बाबांनी तो गंज फडक्यात गुंडाळून मांडीवर धरला होता. रस्ता खडबडीत, प्रत्येक खड्ड्याला ते दोन्ही हातांनी तो वर उचलायचे.

एस्तर भिंतीकडच्या खाटेवर होती. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो, पण बापाची हनुवटी लगेच ओळखू आली. रशीद उठून उभा राहिला. बाबा गंजावरचं फडकं सोडू लागले.

"कोंबडी हाय," ते घाईघाईनं म्हणाले. "कुरेशीच्या हातची. गंज नवा हाय. चूल कंपौंडरची हाय, इचार त्याइले. तिच्यावर कधी काही चढलं नाही."

"म्या इचारलं का, बाबा?"

रशीदनं तिला टेकवून बसवलं. बाबांनी चमचा धरला. पहिला घास तिनं गिळला, दुसराही. तिसरा बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

"मीठ कमी झालं," ती म्हणाली.

"घाई झाली, माय."

"सात वर्सं होती तुमच्यापाशी."

तिच्या आवाजात राग नव्हता. बाबांनी चमचा खाली ठेवला. तिच्या पायांवरची चादर सारखी केली, पुन्हा सारखी केली.

"त्या दिवशी तुम्ही एक डाव म्हटलं असतं," ती म्हणाली, "एस्तर, भात तरी खा. तं म्या खाल्ला असता, बाबा. मी रस्त्यावर जाऊन थांबली होती."

"माहीत हाय," बाबा म्हणाले. "म्या खिडकीतून पाह्यलं."

यापेक्षा जास्त ते दोघं काही बोलले असतील तर मी ऐकलं नाही. मी आणि रशीद बाहेर येऊन उभे राहिलो. बाबा यवतमाळलाच राहिले. नवव्या दिवशी एस्तर गेली.

तिला कुठल्या कबरस्तानात ठेवायचं, यावर दोन्हीकडच्या चार शहाण्यांचं बोलणं सुरू झालं. ती अखेरपर्यंत कोण होती, कोणाची होती, असं काहीबाही. बाबा भिंतीशी उकिडवे बसले होते. ते म्हणाले, "तिच्या नवऱ्याले इचारा." मग रशीद म्हणाला तिथंच ठेवलं.

घाटंजीला परतल्यावर बाबांनी ती जुनी चूल फोडली आणि दुसरी घातली. डुकराचं मटण पुन्हा त्यांच्या घरात शिजलं नाही. रविवारी मात्र ते शिजवत राहिले, कधी कोंबडी, कधी बकऱ्याचं, दुधातच. पहाटेच गंज चढवायचा, दहाची मोटार धरायची आणि यवतमाळला जायचं. रशीदनं दुसरं लग्न केलं नव्हतं. बाबा म्हणत, "एकटा मानूस. करून खात नाही तो. चहावर राह्यते."

माझी बदली व्हायच्या थोडं आधी एका रविवारी मला यवतमाळला काम होतं, म्हणून मी बाबांसोबत गेलो. गॅरेजच्या मागं रशीदची एक खोली होती. त्यानं चटई अंथरली. बाबांनी वाढलं. दोघं समोरासमोर बसून जेवत होते. बोलणं फारसं नव्हतंच. माझ्यासाठी रशीदनं हॉटेलातून भजी आणली होती. मध्येच तो पाणी आणायला अंगणात गेला, मीही हात धुवायला त्याच्यामागं गेलो.

"साहेब, एक बात सांगू?" तो बादली भरता भरता हळूच म्हणाला. "मले हे आवडत नाही. दुधातलं मटन. एस्तरनं दवाखान्यात एक घास देल्ता, त्या दिवसापासून. गळ्याखाली उतरतच नाही."

"मग सांगत का नाहीस त्यांना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काहीतरी चमत्कारिक बोललो होतो.

"सांगतलं तं मंग बाबा कायले येतीन?"

आतून बाबांचा आवाज आला, "रशीद, थंडं होऊन राह्यलं नं."

"आलो, बाबा."

त्यानं ओले हात पॅन्टीला पुसले, आत गेला आणि बाबांपुढं ताट धरलं.