चहा, सासूबाई आणि गुलाबाची कुंडी

चहाच्या कंपनीत वर्षानुवर्षं पावत्या फाडून कंटाळलेल्या आमच्या कारकुनानं एके दिवशी चहा चाखणाऱ्यांच्या खात्यात बदली मागून घेतली. काम ऐकायला सोपं होतं. समोर ओळीनं पेले मांडलेले. एकेक चमचा चहा जोरात भुरकायचा, जिभेवर घोळवायचा आणि थुंकदाणीत थुंकायचा. गिळायचा मात्र नाही. (एवढा चहा गिळला तर माणूस आठवडाभर झोपायचा नाही, असं साहेब म्हणायचे.)

त्यात त्याची जीभ किती तयार झाली ते देव जाणे, पण थुंकणं चांगलंच अंगवळणी पडलं. घरी तो पाणी भुरकायचा, सूप घोळवायचा. एकदा तर खोकल्याचं औषध बेसिनमध्ये थुंकून म्हणाला, "पान जरा जून दिसतंय." बायकोनं कपाळावर हात मारून घेतला.

नेमक्या त्याच दिवसांत सासूबाई येणार होत्या. सोमवारपासून बायकोची नवी नोकरी सुरू व्हायची होती आणि लहानग्या लेकीला, छकुलीला, सांभाळायला सासूबाई राहिल्या तरच ती जमणार होती. सासूबाई म्हणजे नाकावर माशी बसू न देणाऱ्या. मागच्या खेपेला पंखा लावायचा की बंद करायचा यावरून बिनसलं आणि त्या दुसऱ्याच दिवशी परत गेल्या होत्या.

"अहो, हात जोडते," बायको म्हणाली, "आई जे देईल ते मुकाट्यानं गिळा."

"चहासुद्धा?"

"चहा तर आधी!"

सासूबाई आल्या, हातपाय धुतले आणि लगेच चहा टाकला. दूध, साखर, ठेचलेलं आलं, सगळं कसं सढळ हातानं. मंडळी गॅलरीत बसली. 'गिळायचं, गिळायचं,' असं मनाला बजावत त्यानं कप तोंडाला लावला. फुर्रर्र! चहा इतका फक्कड होता की तिथंच घात झाला. चव जिभेवर घोळली, डोळे मिटले, मान आपोआप वळली आणि शेजारच्या गुलाबाच्या कुंडीत पिचकारी गेली.

"चहा बिघडलाय का?" सासूबाईंनी अगदी शांतपणे विचारलं.

"छे छे, आई! उत्तम चहाच थुंकतात!"

"आणि वाईट?"

"तो काय, घरी रोज गिळतोच की."

"घरी चहा मी करते," बायको म्हणाली.

आता दोन्हीकडून पेटलं होतं. घाबरून त्यानं कंपनीच्या माहितीपत्रकातला चहाचा इतिहास काढला. "आई, चहाची गंमत माहितीये? म्हणे एका राजाच्या उकळत्या पाण्यात वाऱ्यानं झाडाची पानं उडून पडली. राजा ते पाणी प्यायला आणि..."

"प्यायला ना? थुंकला नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर."

"शिवाय चहानं तरतरी येते, थकवा जातो, म्हणे हृदयालाही..."

"पोटात गेला तर," असं म्हणून सासूबाई बॅग भरायला उठल्या.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. नोकरीसाठी ती किती दिवस धडपडत होती, हे त्यानं पाहिलं होतं. "आई, माझ्या हातचा एक कप घ्या, मग हवं तर जा," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

त्यानं साहेबांच्या पद्धतीनं चहा केला. ताजं पाणी, तोलून घेतलेली पत्ती, किटलीवर झाकण, घड्याळावर नजर. दूध नाही की साखर नाही.

सासूबाईंनी कप उचलला. फुर्रर्र! जिभेवर घोळवला, डोळे मिटले आणि मान वळवून कुंडीच्या दुसऱ्या कडेला सरळ थुंकल्या.

"म्हणजे... उत्तम?" त्यानं आशेनं विचारलं.

"बॅग आत ठेव गं," सासूबाई लेकीला म्हणाल्या. "मी गेले तर जावईबापू माझ्या नातीला हेच पाजतील." आणि उरलेली किटलीही त्यांनी त्याच कडेला रिकामी केली.

नोकरी वाचली. बायको हसली, त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. रोज सकाळी सासूबाईंच्या चहाचा पहिला भुरका सवयीनं अजूनही कुंडीत जातो आणि त्या बघून न बघितल्यासारखं करतात. चहाचे फायदे म्हणतात ते खरे असावेत, कारण गुलाबाला त्या बाजूनं भरभरून कळ्या आल्यात. त्याची किटली जिथं रिकामी झाली, तेवढीच बाजू वाळली.