जमलं की घ्यायची गोळी

सुरतेत सव्वीस वर्षं काढलीत मी! माझं गुजराती इतकं साफ की भाजीवालीसुद्धा मला तिच्याच गावची समजते. म्हणून अमळनेरकडच्या खेड्यातून सासूबाई, म्हणजे धुरपदाबाई, शुगर घेऊन आमच्याकडे सुरतेतल्या भेस्तानला आल्या, तेव्हा मी ह्यांना ऐटीत म्हटलं, "दवाखान्याचं माझ्यावर सोडा. डॉक्टर गुजराती, आई अहिराणी. मध्ये मी आहे ना पुलासारखी!"

एकच गोष्ट ध्यानात आली नाही. आईंची साखर उतरावी म्हणून मी सोमवारचं मौन धरलं होतं. सूर्यास्तापर्यंत शब्द नाही, लिहूनही नाही. आणि आमचे डॉक्टर शुगरचे पेशंट बघतात फक्त सोमवारी!

पूल पहिल्याच दिवशी मुका झाला.

डॉक्टर तरुण, बोलायला गोड. गोळ्या पुढे करत म्हणाले, "माजी, आ गोळी सवार-सांज जम्या पछी लेजो."

आई माझ्याकडे वळल्या. "काय म्हनस व तो?"

गुजरातीत जमणं म्हणजे जेवणं; सकाळ-संध्याकाळ जेवल्यावर गोळी घ्या, असं ते म्हणत होते. मी पाची बोटं तोंडाशी नेली. आईंनी मान डोलावली. झालं! न बोलता काम फत्ते!

महिन्याने साखर वाढलेली. डॉक्टरांनी विचारलं, "जमीने लो छो ने?" जेवूनच घेता ना?

"हाव भाऊ! जमनं का लेस!"

डॉक्टर खूश, आई खूश. मी तर गहिवरले. एका महिन्यात आई गुजराती शिकल्या!

डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढच्या महिन्यात साखर अशी चढली, जशी उतू जाणारी बासुंदी! डॉक्टरांनी चष्मा काढला. "हवे इंजेक्शन चालू करवुं पडशे."

इंजेक्शन हा शब्द सगळ्या भाषांत टोचतो. आई ताडकन उठल्या. "सुई? नको रे बाप्पा! मी जास मन्हा गावले!" आणि गावी तर त्यांना बघायला कुणीच नाही! आईंनी पिशवी टेबलावर उलटी केली, "ह्या घे तुन्या गोळ्या!"

पाकिटं जवळजवळ भरलेली! डॉक्टरांनी मोजलं, तर दोन महिन्यांत आठच गोळ्या संपलेल्या.

"माजी, लेता नथी?"

"लेस ना! जमनं तवय लेस!"

डॉक्टरांचे डोळे विस्फारले. "बे महिनामां आठ ज वार जम्या?" दोन महिन्यांत आठदाच जेवलात? आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दार उघडं होतं. बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या सरलाबाईही त्यांत होत्या!

मी दोन्ही हातांनी भाकरी थापून दाखवल्या. मग सासूबाईंचं भरलेलं पोट दाखवलं. सरलाबाई कुजबुजल्या, "बघा, सगळं स्वतःच थापून खाते म्हणतेय!"

डॉक्टर आईंजवळ वाकले. "डरो नहीं. वहू जमवा आपे छे?" घाबरू नका, सून जेवायला देते का?

आई हसल्या. सुनेशी जमतं का, असंच त्यांना ऐकू आलं. "हाव, जमस ना! एखादा दिन नही जमस, मंग मी चूप बसस."

"अरे रे!" बाहेरून चार जणी.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. जम्या पछी... जमलं की! दोन महिने माझी सासू, जमलं तर जमलं, अशी गोळी घेत होती!

"आई, जमणं म्हणजे जेवणं हो! जेवणं!"

आयुष्यात मी एवढ्या मोठ्यानं बोलले नव्हते. कंपाउंडरच्या हातून रजिस्टर पडलं.

"तमे बोली शको छो?" तुम्हाला बोलता येतं? डॉक्टर उडालेच.

आई हळूच म्हणाल्या, "माले वाटनं, इतला मोठा डॉक्टर म्हनस, जमी तं ले. आनखी काय इचारू? अडानी म्हनी तो माले."

डॉक्टर खुर्ची सोडून आईंशेजारी स्टुलावर बसले. "जेवल्यावर," ते माझ्याकडून शिकून मराठीत तीनदा म्हणाले. आईंकडून तीनदा म्हणवून घेतलं. सुईचं महिनाभर लांबलं.

मौन मोडलं म्हणून मी अकरा उपवास बोलले आणि मौन मंगळवारवर ढकललं. पहिला उपवासही मंगळवारीच धरला. दुपारी बघते तर आईंची गोळी वाटीत तशीच! मी खुणेनं विचारलं.

"तू मन्हासाठे उपाशी, मंग मी कशी जेवू?" आई प्रेमानं म्हणाल्या. "आन डॉक्टर म्हने, जेवल्यावर!"

"आधी जेवा! मग गोळी!" मी ओरडले.

मंगळवार होता.

आईंची साखर उतरतेय, सुई टळली. माझे उपवास मात्र अकराचे बावीस झालेत. ते मी चोरून करते. उपवासाच्या दुपारी, मीही जेवतेय असं आईंना वाटावं म्हणून, दाराआड बसून रिकाम्या ताटात चमचा वाजवते!